दर आठवड्याला तेच चाक बसतंय? ट्यूबचं भोक कुठं आहे ते आधी बघा

संध्याकाळी सायकल वावरातून नीट घरी येते आणि सकाळी बघावं तर मागचं चाक जमिनीला टेकलेलं. पंक्चर काढलं की चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. शेवटी वैतागून ट्यूब बदलली जाते आणि पंधरा दिवसांत नव्या ट्यूबवरही दोन ठिगळं चढतात. एखादं पंक्चर काट्यामुळे झालं म्हणून सोडून देता येतं. पण तेच चाक सारखं बसत असेल तर कारण चाकातच कुठंतरी बसलेलं असतं आणि मार ट्यूब खात असते. ते कारण शोधायचं तर भोक ट्यूबच्या कोणत्या अंगाला आहे हे कळायला हवं. घाईत ट्यूब ओढून काढली की नेमकं तेच कळत नाही.

आधी खूण, मग ट्यूब

पंक्चरसाठी मागचं चाक खोलायची गरज सहसा नसते. चेनकव्हर असलेल्या अठ्ठावीस इंची सायकलचं तर खोलूच नये, एका अंगानं टायर उतरवून ट्यूब बाहेर ओढता येते. सायकल उलटी करा किंवा दुहेरी स्टँडवर घ्या. खडूने टायरवर, वॉलच्या म्हणजे हवा भरायच्या तोंडाच्या अगदी समोर, एक आडवी रेघ मारा. मग उरलेली हवा सोडा, वॉलचा रिमला टेकलेला नट काढा आणि टायरचे दोन्ही काठ सगळीकडून दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. असं केल्यावर टायर सैल होतो आणि अर्धं काम हातानंच होतं. लिव्हर लावायचा तर वॉलपासून वीतभर अंतर सोडून लावा. स्क्रूड्रायव्हर नको. एका काट्याचं पंक्चर काढताना दुसरं स्क्रूड्रायव्हरनं करणारे बरेच आहेत.

ट्यूब निघाली की चेनच्या बाजूला बॉलपेननं एक बाण काढून ठेवा. थोडी हवा भरा, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब थोडी थोडी बुडवत फिरवा. बुडबुडा दिसला की त्या जागी फुली. पण तिथं थांबू नका, पूर्ण फेरा करा, कारण सराट्यावरून गेलेल्या चाकाला दोन-तीन भोकं सहज असतात आणि पहिलं सापडलं की बाकीची बघायची राहून जातात. आता वॉलपासून फुलीपर्यंत किती वीत आहे ते मोजा. टायरवरच्या खडूच्या रेघेपासून तेवढ्याच विती मोजल्या की दोषाची जागा हातभर नाही, बोटभर अंतरात सापडते.

टायरकडच्या अंगाला एकच बारीक भोक

हे काट्याचं. आपल्याकडे त्याचे चार मुख्य धनी: बाभूळ, हिवर, बोर आणि सराटा. बाभळीचा काटा सरळ, टणक, कोवळ्या झाडावर दोन-तीन इंची. धुऱ्यावरची छाटणी झाली, कुपाटी नव्यानं घातली, की पांदणीवर वाळलेल्या काट्यांचा चुरा महिनाभर पसरलेला राहतो. सराटा पावसाळ्यात जमिनीवर पसरतो आणि दिवाळीच्या सुमारास वाळतो. त्याच्या फळाच्या पाच फाका होतात, प्रत्येक फाकेला टणक काटे, आणि फाक कशीही पडली तरी एक टोक वर राहतंच. म्हणून ऑक्टोबरपासून पंक्चरं वाढतात. पऱ्हाटी आणि तुरीची धसकटं वेगळी. तिरपी कापलेली असतील तर ती टायरच्या बाजूला घुसतात, तिथं रबर पातळ असतं.

काटा काढून फेकला म्हणजे काटा गेला असं नाही. वाळलेला काटा टायरच्या रबरातच मोडतो आणि दोन-तीन मिलिमीटरचं टोक आत राहतं. टायर हातात मोकळा असताना ते वर येत नाही, म्हणून बोट फिरवून लागत नाही. माणूस सायकलवर बसला, टायर जमिनीवर चेपला, की ते टोक तेवढ्यापुरतं आत डोकावतं आणि ट्यूबला टोचतं. चार दिवसांनी तेच चाक बसतं ते यामुळे. बहुतेक घरांत याच टोकानं दोन-दोन ट्यूब खाल्लेल्या असतात.

ते शोधायला कापूस घ्या. सरकी काढलेल्या रुईचा लिंबाएवढा बोळा टायरच्या आतून, खडूच्या रेघेपासून सुरू करून, हलक्या हातानं पूर्ण फेरा फिरवा. मग उलट्या दिशेनं पुन्हा. काट्याचं टोक एकाच बाजूला झुकलेलं असेल तर एका दिशेनं बोळा नुसता सरकून जातो, उलट फिरवला की अडकतो. जिथं तंतू ओढले जाऊन मागं राहतील तिथं टोक आहे. बोट फिरवण्यापेक्षा हे बरं, काच असली तर बोट कापतं. जागा सापडली की टायर बाहेरच्या बाजूला वाकवा म्हणजे बाहेरचं छिद्र उघडतं. आतून सुईनं टोक बाहेर ढकला, बाहेरून पायातला काटा काढायच्या चिमट्यानं धरा आणि ओढा. टोक निघेपर्यंत नवी ट्यूब टाकायची नाही.

शेजारी शेजारी दोन भोकं

साप चावल्यासारखी जोडी दिसली तर काट्याला दोष देऊ नका. हवा कमी होती. चाक दगडावर किंवा डांबराच्या तुटक्या काठावर आदळलं, टायर रिमपर्यंत दबला आणि ट्यूब रिमच्या दोन्ही काठांमध्ये चिमटली. मागं कॅरिअरवर गव्हाचं पोतं किंवा माणूस असला की हे हमखास होतं. दोन्ही भोकं एका ठिगळात येत असतील तर मोठं ठिगळ एकच लावा. काठावर काठ चढवून दोन लावली तर सांध्यातून हवा जाते.

रिमकडच्या अंगाला

इथला दोषी स्पोक. रिम वाकडी झाली म्हणून कोणी आउट काढून दिला, निपल म्हणजे स्पोक रिमला धरणारे बारीक नट आवळले, की काही स्पोकांची टोकं निपलच्या बाहेर रिमच्या आत डोकावतात. प्रत्येक निपलच्या डोक्यावरून बोट हळूच फिरवा, टोक लागेल तिथं कानशीनं घासून सपाट करा. त्यावर रिमपट्टी हवी. फाटलेली, सरकलेली किंवा गोळा झालेली पट्टी नसल्यासारखीच असते. दुकानात मिळाली नाही तर जुन्या सायकल ट्यूबची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी कापून ताणून बसवा, वॉलसाठी गोल भोक पाडा. भोक कात्रीनं चिरू नका, चिरलेलं पुढं फाटत जातं.

लोखंडी रिमच्या आतला गंजही ट्यूब खातो, पापुद्रे सुटून कानशीसारखे घासतात. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्यानं सायकल धुतली तर हा गंज लवकर धरतो. तिथं धुण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसणं बरं. गंज दिसला तर पॉलिश पेपरनं घासा, रंगाचा एक हात द्या, सुकल्यावर पट्टी.

वॉलच्या बुडाशी चीर

याला ठिगळ टिकत नाही, ट्यूब बदलावी लागते. पण का झालं ते न बघता बदलली तर नवीही तिथंच फाटेल. हवा कमी असताना ब्रेक मारला की टायर ट्यूबला घेऊन रिमवर थोडा सरकतो, वॉल मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. वॉल तिरका दिसायला लागला तर हेच चाललंय असं समजा. हवा सोडा, नट सैल करा, टायर हातानं मागं सरकवून वॉल सरळ उभा करा. दुसरं कारण बसवण्यातलं. टायर चढवताना शेवटचा भाग वॉलपाशी आणा, मग वॉल आत ढकला, टायरचा काठ खाली नीट बसला का बघा, वॉल परत बाहेर ओढा. नट हवा भरल्यावर आणि बोटानंच आवळा. पान्यानं आवळलेला नट ट्यूबचं बूड ताणून ठेवतो.

घडीवर भोक, किंवा लांब फाट

तालुक्याच्या दुकानात नेमकं माप नसलं की "चालते ना" म्हणून जवळचं माप दिलं जातं. मोठी ट्यूब लहान टायरमध्ये घडी घालून बसते आणि त्याच घडीवर घासून फुटते. टायरवरचं माप वाचूनच ट्यूब मागा. टायरच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. २६ × १⅜ आणि २६ × १.९५ दोन्ही 'सव्वीस'च म्हणवतात, पण पहिल्याची रिम ५९० मिलिमीटरची आणि दुसऱ्याची ५५९. एकाचा टायर दुसऱ्याला होत नाही. अठ्ठावीस इंची काळ्या सायकलचा २८ × १½ टायर ६३५ च्या रिमवर बसतो, नव्या हायब्रिड सायकलींचा ७००सी टायर ६२२ च्या. कडेला बारीक अक्षरांत हे आकडे छापलेले असतात.

ट्यूब बोट-दोन बोटं फाटली असेल तर टायरची बाजू बघा. २६ × १.९५ वाल्या सायकलींत ब्रेकचं रबर वर सरकून टायरला घासतं आणि कड कापत जातं. ब्रेक दाबून धरा, रबर पूर्ण रिमवरच टेकलं पाहिजे. टायरला चीर पडली असेल तर आतून गेटर लावा. जुन्या टायरचा सहा-सात सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा, काठाची तार काढलेला, कडा तासून पातळ केलेल्या, सोल्युशननं चिकटवायचा. कडा जाड ठेवल्या तर गेटरच ट्यूबला घासतो. टायरचे दोरे दिसायला लागले असतील तर गेटरवर पैसे घालू नका.

भोक सापडतच नाही

पाण्यात पूर्ण फेरा झाला, एक बुडबुडा नाही, तरी रात्रीतून हवा जाते. बहुतेक वेळा ही वॉलट्यूब असते. जुन्या पद्धतीच्या वॉलमध्ये हवा अडवण्याचं काम एक बारीक रबरी नळी करते. उन्हानं ती आंबते, चिकट होते, चिरते. शाळेच्या स्टँडवर पोरांनी हवा सोडली म्हणून जी भांडणं होतात त्यातली निम्मी या नळीपायी असावीत.

तपासायला टायर उतरवायची गरज नाही. चाक फिरवून वॉल सगळ्यात वर आणा, म्हणजे त्याचं तोंड खाली होतं. टोपी काढा, खालून पाण्यानं भरलेली वाटी धरून वॉल त्यात बुडवा आणि मिनिटभर थांबा. सावकाश एकेक बुडबुडा आला तर वॉलट्यूब बदला. वॉलच्या तोंडाचा नट काढला की आतली दांडी हवेच्या जोरानं उडते, म्हणून आधी हात धरा, नाहीतर ती गवतात शोधत बसावी लागते. जुनी नळी नखानं ओढून काढा, नवी थुंकी लावून चढवा. दांडीच्या बाजूला जे बारीक छिद्र असतं ते पूर्ण झाकून नळी वर खांद्यापर्यंत गेली पाहिजे. वॉलट्यूब अगदी किरकोळ किमतीत मिळते. चार घेऊन ठेवा, पण उन्हात नाही. दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला, मार्चमध्येच, दोन्ही चाकांच्या बदलून टाकल्या तर बरं.

ठिगळच सुटतंय

भोक बरोबर सापडलं, काटा निघाला, तरी मे महिन्यात ठिगळ सरकून हवा जाते. दोष बहुधा घाईचा. ट्यूबवर साच्याची उभारलेली रेघ असते. ठिगळाच्या जागेत ती येत असेल तर पॉलिश पेपरनं पूर्ण सपाट करा, नाहीतर त्या रेघेच्या कडेनं बोगदा राहतो. ठिगळापेक्षा चारी बाजूंनी बोटभर जास्त जागा घासा, चकाकी जाऊन काळं-मळकट दिसेपर्यंत. मग बोट लावू नका. हाताला घाम, तेल, माती असतेच. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि वाळू द्या. ओलं असताना ठिगळ दाबणं हीच सगळ्यात मोठी चूक. थंडीत पाच मिनिटं, उन्हाळ्यात दोन-तीन. चकाकी गेली, बोटाच्या मागच्या बाजूनं हात लावल्यावर ओलं लागलं नाही, की मग ठिगळ ठेवून मधून कडेकडे चमच्याच्या पाठीनं जोर देऊन दाबा. वर टाल्कम पावडर किंवा चाळलेली राख भुरभुरा म्हणजे ते टायरला चिकटत नाही.

ताजं ठिगळ तपासायला ट्यूब बाहेरच फुग्यासारखी फुगवतात, तीही चूक. टायरच्या आधाराशिवाय ट्यूब ताणली की ठिगळाची कड उचलली जाते. आकार येण्यापुरतीच हवा भरा आणि बुडवून बघा. उघडून ठेवलेली सोल्युशनची नळी महिन्या-दोन महिन्यांत गुळासारखी होते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. जुन्या ट्यूबची कापलेली ठिगळं चालतात, पण तीही दोन्ही बाजूंनी घासून, दोन्हीकडे सोल्युशन लावून. दुकानात गरम ठिगळ मारून मिळत असेल तर आपल्या उन्हाळ्यात तेच जास्त टिकतं. सहा-सात ठिगळं झालेली ट्यूब काढून रिमपट्टीला वापरा.

हवा किती

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर फुटते", हा सल्ला गावोगाव मिळतो आणि त्यानंच जास्त ट्यूब जातात. हिशेब करून बघा. सकाळी २७ अंशांना टायरमध्ये ४० पीएसआय (मीटरवरचं दाबाचं माप) हवा भरली आणि दुपारी डांबरावर टायर ६५ अंशांपर्यंत तापला, तरी दाब सत्तेचाळीसच्या आसपास जातो. सहा-सात पीएसआयची वाढ धडधाकट टायर सहज सोसतो. फुटतो तो कड झिजलेला, दोरे दिसणारा किंवा रिमवर नीट न बसलेला. म्हणून मे महिन्यात टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्यापेक्षा पाच-सात कमी ठेवा, त्याहून कमी नाही. साधारण वजनाच्या माणसाला २८ × १½ टायरमध्ये पुढं ३५-४० आणि मागं ४५ च्या आसपास बरं पडतं, पोतं न्यायचं असेल तर मागं कमाल आकड्याजवळ. छापलेला आकडा याहून कमी असेल तर तोच पाळा.

मीटर नसेल तर अंगठ्यानं दाबून बघण्यात अर्थ नाही, जाड टायर कमी हवेतही कडकच लागतो. सायकलवर बसा, दुसऱ्याला मागून बघायला सांगा. टायर जमिनीपाशी अर्धा सेंटिमीटर चेपला तर ठीक, बोटभर पसरला तर भरा. मीटर असलेल्या पंपानं एकदा नीट भरून, नंतर तेवढा चेप यायला घरच्या पंपाचे किती झटके लागतात ते मोजून ठेवा. मग हिशेब तोंडपाठ होतो. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरनं मात्र जपून. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा फार थोडी, क्षणात जास्त भरते.

काटा आत जाण्याआधीच

रोज पांदणीनं जाणं असेल तर मधला उपाय म्हणजे टायरच्या आत दुसरा टायर. झिजलेल्या टायरचे तारेचे काठ कापून टाका, कडा पातळ तासा, टोकं एकमेकांवर न चढवता नुसती भिडवा आणि ट्यूबला पावडर लावा. सायकल जड होते, हे खरं. मोटारसायकलच्या ट्यूबची पट्टीही चालते, पण बाभळीच्या लांब काट्यापुढं ती टिकत नाही, सराट्यापुरती ठीक. ट्यूबमध्ये घालायचं चिकट द्रव आपल्या उन्हात लवकर सुकतं, वर जुन्या पद्धतीच्या वॉलमध्ये घट्ट बसतं. गावाकडच्या सायकलीला त्याच्या नादी लागू नये.

एक जुनी युक्ती अजूनही कामाची. मडगार्डच्या टोकाला जुन्या स्पोकचा तुकडा असा वाकवून बांधा की तो टायरला हलका घासत राहील. सराटा टायरला लागतो तो एका दमात आत जात नाही, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात थोडा थोडा घुसतो. पुढच्या फेऱ्याआधी तार त्याला उडवून देते. चालत्या सायकलवर हातानं टायर पुसू नका, मागच्या चाकात बोटं अडकतात.

पांदणीत बैलगाडीच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या चाकोरीतून चालवा. तिथले काटे दबून मोडलेले असतात, सराटा मधल्या गवताच्या पट्ट्यात असतो. वावराच्या तोंडाशी जिथं बोराटी ओढून रस्ता बंद करतात तिथं उतरा आणि सायकल उचलून पलीकडे ठेवा. संध्याकाळी घरी आल्यावर दोन्ही चाकं हळू फिरवून टायरवरचे काटे उपटा. मागच्या चाकाकडे जास्त बघा. पुढचं चाक काटा उभा करतं आणि मागच्यावर वजन जास्त असतं, म्हणून पंक्चर मागचंच होतं.

वाटेत अडकलात तर

टायरमध्ये काटा दिसतोय पण हवा जात नाही, आणि ठिगळाचं सामान जवळ नाही. दोन-तीन किलोमीटरच जायचं असेल तर काटा उपटू नका, तोच बूच झालेला असतो. सामान असेल तर मात्र लगेच काढा, तशीच चालवत राहिलात तर तो तिरपा होऊन भोक मोठं करतो. हवा पूर्ण गेली तर बसून जाऊ नका, एका किलोमीटरात ट्यूबचा चुरा होतो आणि टायरची कडही जाते. अगदीच गाव लांब असेल तर टायर एका अंगानं उतरवा, ट्यूबचं भोक असलेला भाग चिमटीत दुमडून त्याच्या मागं सुतळीनं करकचून बांधा, टायर चढवा आणि अर्धीच हवा मारा. दर फेऱ्याला एक दणका बसेल, पण पोचाल. तोल सांभाळून, उतारावर पायी. घरी आल्यावर सुतळी आधी सोडा. रात्रभर बांधलेली राहिली तर ट्यूबला तिथं कायमची घडी पडते.